नाखवांचा धोबी

"आला ना? मंग झालं."

रेवदंड्याच्या आमच्या कोळीवाड्यात कोणीही कुठूनही परत आलं, की नाखवांचं हे वाक्य ठरलेलं. अलिबागहून रिक्षा आली, शाळेतून पोरं आली, खाडीतून होडी आली, सगळ्यांना हेच. म्हणताना उजवा हात छातीवर ठेवायचे आणि लांब श्वास सोडायचे. गेलेला माणूस परत येईल यावर त्यांचा मुळात विश्वासच नसावा.

तुमच्याही आळीत असं एखादं माणूस असेल. कुलूप लावून निघालं, की कोपऱ्यावरून परत येऊन ते ओढून बघणारं. लग्नात जेवणाऐवजी वऱ्हाडाची मागची गाडी पोचली का याची चौकशी करणारं. नाखवा त्यातलेच, पण बरेच वरच्या इयत्तेतले. बायको समोरच्या दुकानात चहापावडर आणायला गेली तरी ती परतेपर्यंत हे दारात उभे. ती माऊली वैतागून म्हणायची, "दुकानान बुडायला काय पानी हाय का?"

नाखवा म्हणजे होडीचा मालक. यांची होडी कधीच नव्हती. कोळ्याच्या घरात जन्मून त्यांना समुद्राची भीती वाटायची आणि ती ते लपवतही नसत. "दर्या बघला का माझे पोटान गोला येतो," असं चारचौघांत सांगायचे. म्हणूनच कोणीतरी चेष्टेनं त्यांना नाखवा म्हणायला लागलं. पुढे चेष्टा सगळे विसरले आणि नाव तेवढं राहिलं. किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव होते, त्यांची राखण यांच्याकडे. हातात काठी, काठीला बांधलेला पत्र्याचा डबा. कावळा उतरला की डबा वाजायचा.

मी तेव्हा लहान शाळेत होते. नवरात्राचे दिवस होते आणि हवा बिघडली होती. बाबा खलाशी म्हणून ज्या होडीवर जायचे, ती सकाळीच परतायला हवी होती. दुपार झाली तरी पत्ता नाही. बायका किनाऱ्यावर जमल्या होत्या. आई माझ्याकडे बघतही नव्हती. मी मांडवाखाली जाऊन बसले आणि खाडीच्या तोंडाकडे डोळे लावले. डोळ्यांत पाणी असलं की प्रत्येक लाट होडीच वाटते.

नाखवा शेजारी येऊन उकिडवे बसले.

"तिकरं नको बघू," ते म्हणाले. "हिकरं बघ."

वाळूत एक काळा-पांढरा पक्षी तुरुतुरु चालत होता. चिमणीपेक्षा थोडा लांबट. थांबला की शेपटी वर-खाली, वर-खाली, दगडावर कपडे आपटावेत तशी. तुम्हीही तो पाहिला असणार, फक्त नाव विचारलं नसेल.

"धोबी," नाखवा म्हणाले.

"मग डबा का नाही वाजवत?"

"त्यो मासलीला चोच लावत न्हाय. माश्या खातो. आपला मानूस हाय त्यो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "दर साली येतो. पार बरफाच्या डोंगरावरून. एक दुर्बीणवाला सांगून गेला."

"एवढासा?"

"एवढासा. आनि पाय बघ त्याचा."

पक्षी एका पायानं लंगडत होता. त्या पायाची बोटं झडली होती.

"लंगडा हाय, पन वाट चुकला न्हाय. तुझा बापूस तर मुरूडच्या फुडं गेलाय. त्याला काय होतंय?"

हे सांगताना त्यांचा हात इतका थरथरत होता, की काठीचा डबा आपोआप वाजत होता. डबा वाजला की धोबी उडायचा. थोड्या वेळानं परत उतरायचा, आणि दर वेळी आम्ही दोघं सुटकेचा श्वास सोडायचो. संपूर्ण दुपार मी खाडीकडे पाहिलं नाही. त्याच होडीवर नाखवांचा मुलगाही होता, हे मला घरी गेल्यावर आईनं सांगितलं.

दिवस मावळायच्या आत दुसऱ्या एका होडीनं बाबांची होडी ओढत आणली. इंजिन बंद पडलं होतं. सगळे पाण्याकडे धावले. नाखवा जागचे हलले नाहीत. छातीवर हात ठेवून त्यांनी आपलं वाक्य म्हटलं आणि मांडवाच्या मागे जाऊन रडले.

त्या दिवसापासून मी पक्षी बघते. आता मुंबईत नोकरी आहे, गळ्यात चांगली दुर्बीण आहे, सुट्टीच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या खाडीवर जाते. ऑफिसात म्हणतात, छान छंद आहे, मन शांत होत असेल. माझं कधी झालं नाही. गणपती गेले की माझ्या पोटात गोळा यायला लागतो. यंदा येईल का, वाटेत काही झालं नसेल ना. नाखवांनी मला पक्षी बघायला शिकवलं असं मी लोकांना सांगते. खरं तर त्यांनी मला काळजी करायला शिकवलं.

दसऱ्याच्या आगेमागे त्यांचा फोन यायचा. "आला," एवढंच म्हणून ठेवून द्यायचे. आणि मी गावाहून निघाले, की रेवसची लाँच भाऊच्या धक्क्याला लागताच "पोचले" असा फोन करायचा, हा नियम. माझ्या फोनला उशीर झाला तर ते स्वतःच फोन करायचे आणि आवाज ऐकू आला की न बोलता ठेवायचे.

एका वर्षी मी गावात असतानाच धोबी आला. दोन्ही पाय धडधाकट. नाखवा खूप वेळ बघत राहिले. हा पक्षी इतकी वर्षं जगत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते काय म्हणतात याची मला धास्ती वाटत होती.

"पाय बरा झालाय त्याचा," शेवटी ते म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं. "चांगलाच बरा झालाय."

"आला ना? मंग झालं."

यंदाच्या पावसाळ्यात नाखवा गेले. दसरा झाला, दिवाळी आली, फोन कुठून येणार? न राहवून मीच गेले. त्यांची सून मांडवावर बोंबील घालत होती. काठी आता तिच्याकडे आली आहे. सासऱ्यांच्या धोब्याची तिनं जन्मभर थट्टा केली. "मला कावला नि घार सारखीच दिसते," म्हणायची. मी दुपारपर्यंत वाळूत बसून राहिले. कावळे आले, बगळे आले, धोबी नाही.

"येल गो," ती म्हणाली. तिला माझी कीव आली असावी. मी निघाले.

धक्क्यावर उतरले आणि सवयीनं फोन काढला. नाखवांच्या मोबाइलचा नंबर समोर होता. नुसती बघत उभी राहिले, इतक्यात तोच नंबर वाजला. सून होती.

"पोचलीस गो?"

"पोचले."

"मंग झालं. आनि आयक, तुझा त्यो आलाय. तू गेलीस नि आला. मांडवाखाली शेपूट हालवत फिरतोय."

"पाय कसा आहे त्याचा?" मी विचारलं.

ती बघायला वाकली असणार, काठीचा डबा वाजला.

"बरा हाय. नीट चालतोय. थांब, बाबांना सांगते..."

सासऱ्यांना सांगायचं ते वाक्य तिनं अर्ध्यावरच सोडलं. पलीकडे डबा तेवढा वाजत राहिला.