तीन नंबरची काठी

माझ्याकडं मासे धरायची एक काठी आहे. आम्ही जैन. एवढ्या दोन वाक्यांत खरं तर सगळं आलं, पण ती शेजारीशेजारी ठेवायला मला पाच वर्षं लागली. म्हणून बाकीचंही सांगतो.

सांगलीजवळ कृष्णेकाठी आमचं गाव. थोडा ऊस आहे आणि ठिबक सिंचनाच्या साहित्याचं माझं दुकान आहे. घरी आई, बायको आणि मी. आईनं ऐंशी ओलांडली. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, तरी ती स्वतःपुरतं पाणी विहिरीचंच घेते आणि दुहेरी फडक्यातून गाळते. गाळून झालं की फडकं उलटं करून वरून पाणी ओतते आणि फडक्यात राहिलेले डोळ्यांना न दिसणारे जीव पुन्हा विहिरीत सोडते. लहानपणापासून मी हे बघत आलो. पुढं याच गोष्टीचा मी काय उपयोग केला, ते येईलच.

धंद्यासाठी मला महिन्यातून दोनदा साताऱ्याकडं जावं लागतं. पाटणच्या पुढं लष्करातले एक निवृत्त हवालदार माझे गिऱ्हाईक होते. हिमाचलात नोकरी केलेली. तिथं एका साहेबाबरोबर ते खोट्या माशीनं मासे धरायला शिकले होते. गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरे बांधून केलेली ही माशी, गांडूळ नाही की कणकेची गोळी नाही. एका दुपारी बिल देऊन निघालो, तर ते म्हणाले चला, नदीवर गंमत दाखवतो. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यांनी दोरी डोक्यावरून मागं नेली, पुढं सोडली, पुन्हा मागं. पिवळी दोरी हवेत उलगडत जायची आणि माशी पाण्यावर अशी उतरायची की तरंगही उठू नये. एक वीतभर मासा आला. त्यांनी हात ओला केला, आकडा काढला आणि तो सोडून दिला.

“आपण मारत न्हाई, पावणं,” ते म्हणाले. “नुसती भेट घ्याची.”

मी काठी हातात घेतली. पुढच्या खेपेलाही घेतली. तिसऱ्या खेपेला मासा लागला आणि दोरीतून जो झटका मनगटात आला, तो मला आवडला. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पुढं एक मासा मेला ते घरात कळलं सगळ्यांना, पण झटका आवडला हे नाही.

स्वतःची काठी घ्यायचं ठरलं तेव्हा हवालदारांनी दोनदा बजावलं. या काठ्यांना नंबर असतात. नंबर जितका लहान, तितकी काठी नाजूक. “पाच घ्या न्हाईतर सहा,” ते म्हणाले. “तीनच्या नादाला लागू नका. ज्याला मासा सोडायचाय, त्यानं दमदार काठी घ्यावी. झटक्यात जवळ घ्याचा, झटक्यात सोडायचा. हलक्या काठीनं तो नुसता दमत ऱ्हातो. दमून गेल्याला मासा सोडला काय, न सोडला काय.”

मी ऐकलं, मान हलवली आणि पुण्याच्या दुकानात जाऊन तीन नंबरची मागितली.

माझं गणित वेगळं होतं. हलकी काठी म्हणजे हलका हात, हलका हात म्हणजे माशाला कमी त्रास, कमी त्रास म्हणजे पापही हलकं. आमच्या घरात वाढलेल्या माणसालाच असा हिशेब सुचेल. शिवाय ती चार तुकड्यांत सुटत होती आणि एकेक तुकडा सव्वादोन फुटांचा होता. एवढं माझ्या दुकानातल्या तीन फुटी नमुन्याच्या पाइपात बसतं, हे मी दुकानदाराचं बोलणं चालू असतानाच मनात मोजून घेतलं.

दोरी गुंडाळायचं रील निवडायला जास्त वेळ गेला. रील काठीला जुळावं लागतं. जड लावलं तर मूठ खाली ओढते, हलकं पडलं तर शेंडा झुकतो. दुकानदारानं रील बसवून, दोरी भरून काठी माझ्या एका बोटावर आडवी ठेवली, मुठीच्या थोडं पुढं. पहिल्या रीलला ती कलली. दुसऱ्याला स्थिर राहिली, सोन्याच्या दुकानातल्या काट्यासारखी. पण दोरी ओढली की ते रील करकर वाजायचं. मी न वाजणारं मागितलं. बहुतेकांना तो आवाज हवा असतो, दुकानदार म्हणाला, मासा पळतोय हे कानाला कळतं. मी म्हटलं, मला नको. त्यानं आतून तिसरं काढून दिलं. तेही जुळलं, आणि मुकं होतं.

माश्या हवालदारांनीच दिल्या, आकड्यांची उलटी टोकं पक्कडीनं दाबून, म्हणजे काढताना ओठ फाटू नये. त्यातली एक हिरव्यासोनेरी तंतूंची होती. कसलं पीस म्हणून विचारलं, तर मोराचं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, मुनिमहाराज असतात तेव्हा त्यांच्या हातात मोरपिसांची पिंछी असते. बसण्याआधी ते तिनं जमीन झाडतात, अंगाखाली जीव चिरडू नये म्हणून. ती माशी मी डबीत सगळ्यांत खाली ठेवली. फेकून दिली नाही.

दोन हिवाळे असे गेले. लहान मासे यायचे आणि जायचे. चारच्या आत मी नदी सोडायचो, कारण आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण होतं आणि आई माझ्यासाठी थांबते. काठीचा पाइप, दोन्ही टोकांना झाकणं लावून, घराच्या पडवीत दोन खुंट्यांवर आडवा असायचा. घरभर पाइपच पाइप, कुणाला काय कळणार? आणि मनाला सांगायला एक वाक्य तयार होतं. आई फडक्यात अडकलेले जीव परत विहिरीत सोडते. मी मासा परत नदीत सोडतो.

मग तो चैत्र. पाणी उतरलेलं, अंगाला कोमट लागत होतं. हवालदार मुलाकडं गेले होते, मी एकटाच होतो. बाकी माश्या लागल्या नाहीत म्हणून तळातली मोरपिसाची लावली. तिला खडस लागली, मोठ्या खवल्यांची नदीतली मासळी, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. काठी मुठीपर्यंत वाकली. ओढावं तर दोरी तुटेल, शेंडा मोडेल अशी भीती, म्हणून ती पळाली की मी सोडत राहिलो, थांबली की थोडं गुंडाळत राहिलो. दोरी तोडून टाकायचं एकदा मनात आलं. तोडली नाही. तिला जवळून बघायचं होतं. रील काही बोलत नव्हतं. किती वेळ गेला ते घड्याळात बघितलं तेव्हा मला खरं वाटलं नाही.

हातात आली तेव्हा तिच्यात जीव होता. आकडा सहज निघाला. हवालदारांनी शिकवल्याप्रमाणं मी तिला प्रवाहाकडं तोंड करून पाण्यात धरलं आणि सोडलं. ती आडवी झाली. पुन्हा धरलं. कल्ले हलले, मग हलेनात. तिसऱ्यांदा हात काढला तेव्हा पांढरं पोट वर आलं आणि पाणी तिला हळूहळू घेऊन गेलं.

त्या वेळी मी पहिलं काय केलं असेल, तर काठावर कोण आहे का ते बघितलं. कुणी नव्हतं. मग गाडीतल्या साबणानं तीनदा हात धुतले. घरी आलो तर आईनं नेहमीसारखं गाळलेल्या पाण्याचं भांडं पुढं केलं आणि मी ते प्यालो.

पर्युषण संपलं की आमच्यात क्षमावाणी असते. वर्षभरात कळत नकळत जे झालं असेल त्याबद्दल सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. मी शंभरेक लोकांना मोबाइलवर एकच मजकूर पाठवतो. आई मात्र घरातल्या प्रत्येकासमोर हात जोडून उभी राहते, अगदी माझ्यासमोरसुद्धा. त्या वर्षी ती उभी राहिली आणि मी ठरलेलं उत्तर दिलं. पुढच्या वर्षी पुन्हा आली. गुडघे दुखत होते, भिंत धरून आली. माझ्या हातनं काय चुकलं आसंल तर, असं म्हणाली. मला ते ऐकवेना.

“आई, माझ्या हातनं एक मासा मेला.”

“मोटरीत आला?” नदीवरच्या मोटरीत कधीकधी येतात.

“नाही. गळानं.”

ती खुर्चीत बसली. खाल्लास का म्हणून विचारलं. मी म्हटलं नाही, सोडायसाठीच धरला होता. सोडायचाच होता तर धरलास कशाला, असं ती म्हणाली, रागानं नाही, खरंच कळत नसल्यासारखं. तेव्हा माझ्या तोंडून ते तयार वाक्य बाहेर पडलं. तूही फडक्यातले जीव परत सोडतेसच की. हे मी तिला म्हणालो, क्षमावाणीच्या दिवशी.

“मला तहान लागती म्हणून मी पाणी काढते,” आई म्हणाली. “तुला काय लागली हुती?”

मी हातातला मोबाइल खिशात घातला.

“किती वेळ लागला रं त्याला, मरायला?”

“दोनतीन मिनिटं.” आणि लगेच, “नाही. वीस. वर थोडी.”

तिनं डोळे मिटले. मी क्षमा मागितली.

“मी काय क्षमा करू? मी मासा न्हवं.”

दुसऱ्या दिवसापासून आईनं मीठ सोडलं. एक महिना, एवढंच सांगितलं, कशासाठी ते नाही. व्रतं ती करतेच, पण हे मध्येच कुठून आलं ते बायकोला कळेना. आपल्याच स्वयंपाकाचं काहीतरी बिनसलंय असं तिनं धरलं. आठ दिवस ती सासूसाठी वेगवेगळं करून बघत होती, “आत्ती, हे तरी बघा, आत्ती, ते तरी घ्या.” आई अळणी आमटी निमूट ओरपत होती आणि मी शेजारी बसून माझी खारट आमटी खात होतो. नवव्या दिवशी बायको चुलीपाशी रडली तेव्हा मी सांगितलं. आधी तिला खोटं वाटलं. मग काठी कुठाय म्हणून विचारलं. मी पडवीतल्या पाइपाकडं बोट दाखवलं.

“आवं, त्याच्यावर मी रोज टॉवेल घालते की.”

मग ती हसली, आणि हसणं मध्येच थांबलं.

महिना भरला त्या दिवशी बायकोनं आईच्या ताटात मीठ वाढलं. आईनं माझ्याकडं बघितलं.

“काठी हाय अजून?”

मोडली, विकली, नदीत टाकली, काहीही म्हणता आलं असतं. मोडायला मी दोनदा बाहेर काढलीही होती. जोडली, बोटावर आडवी धरली, ती तशीच स्थिर राहिली, आणि पुन्हा चार तुकडे करून पाइपात घातली.

“आहे,” मी म्हणालो.

आईनं मिठाची चिमूट बोटानं ताटाच्या काठाकडं सारली आणि जेवायला सुरुवात केली.

त्याला पाच महिने झाले. ती अजून अळणीच जेवते. मीही मीठ सोडून बघितलं, सहा दिवस टिकलो. बायको टॉवेल आता मागच्या दोरीवर वाळत घालते.