मोटार नसलेलं मशीन

सगळी गल्ली तिला शिवणवाल्या ताई म्हणायची. इतरांची मशीनं विजेवर भुर्रकन पळायची, हिचं मात्र अजून पायावर खडखडत होतं. मोटारीचं नाव काढलं की तिच्याकडेच राहणारी आई फणकारायची, "पाय मोडलेत का तुझे?" आई एक नंबरची चिक्कू, असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

लहानपणी तिच्या छातीवर ऑपरेशनं झाली होती. "भोक होतं, बुजवलं. विषय संपला," आई म्हणायची.

लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलेना. नवरा "घाई काय आहे?" म्हणत विषय टाळायचा. तिनं मात्र एक पिवळं झबलं शिवून कपाटात जपलं होतं. त्याची बटणं आईनंच निवडली होती. शेवटी तीच हट्टानं बायकांच्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी छातीवरचा व्रण पाहून हृदयाच्या डॉक्टरकडे धाडलं. सोबत आई आणि नवरा आले.

डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाले, "भोक कुठलं? रक्त ढकलणारे कप्पे दोन हवेत, तुम्हाला एकच आहे. तो अंगभर रक्त पाठवतो. परत येणारं रक्त थेट फुफ्फुसांत जातं, त्याला ढकलणारं कुणी नाही. श्वास ते ओढून घेतो, चालत्या पिंढऱ्या वर रेटतात. एकटा कप्पाही आता दमलाय. बाळंतपण जिवावर बेतेल. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

तिनं आईकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. दोघांपैकी कुणीही दचकलं नव्हतं.

"तुलाही ठाऊक होतं?"

"लग्नाआधीच. आईंनी शपथ घातली होती," नवरा जमिनीकडे बघत म्हणाला.

घरी आई रडायला लागली. "पोरवयापासून धसका घेऊन जगली असतीस का तू? पाय चालते ठेवा म्हणाले होते डॉक्टर, म्हणून तर मोटार बसू दिली नाही."

"आणि बटणं? समोर बसून निवडलीस ना? हीच छान दिसतील म्हणालीस."

तिचा संताप शांत व्हायला तयार नव्हता. सख्ख्या माणसांनीच तिला खुळ्यात काढलं होतं.

पुढच्याच आठवड्यात तिनं मोटार बसवली. दिवसभर मशीन घरघरायचं आणि आई दारात बसून तिच्या थांबलेल्या पायांकडे बघत झुरायची. संध्याकाळी गिऱ्हाइकाचे कपडे पोचवायच्या निमित्तानं ती बाहेर पडे आणि पिंढऱ्या भरून येईपर्यंत चालून येई. आईला तिनं ते कधीच सांगितलं नाही.