पवनेच्या पलीकडे फ्रीज नेताना

शांतामावशींचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. "पोरी, फ्रीज गेला," एवढंच त्या म्हणाल्या. घरातलं कोणी गेल्यासारखा आवाज होता.

मावशी पवना धरणात बोट चालवतात. तुंग किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची वाडी आहे. मोसमात पर्यटक आणि वर्षभर वाडीची माणसं, दुधाच्या किटल्या, सिमेंटची पोती असं सगळं त्यांच्या बोटीतून इकडून तिकडे जातं. दोन हिवाळ्यांपूर्वी तुंगवरून उतरताना माझा पाय मुरगळला आणि शेवटची जीप चुकली. मावशींनी मला पाण्यावरून पवनानगरला आणून सोडलं, एसटीत बसवलं आणि नेहमीच्या भाड्यावर एक रुपया जास्त घेतला नाही. त्या फेरीत बोटीतला फ्रीज माझ्या लक्षात आला, कारण तो एकदाही बंद झाला नाही. मी चाकणच्या एका कारखान्यात फ्रीजच्या चाचण्या घेते. न थांबता चालणारा कॉम्प्रेसर म्हणजे दमलेला कॉम्प्रेसर. तसं सांगून मी त्यांना माझा नंबर दिला होता.

तो फ्रीज मुळात पर्यटकांच्या कोल्ड्रिंकसाठी घेतलेला. पुढे त्याला महत्त्वाचं काम लागलं, ते जनावरांच्या लशीचं. पलीकडच्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. सगळी जनावरं गोळा करून टोचायला दोन-तीन दिवस जातात आणि तिथल्या विजेचा भरवसा नाही. लस दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेली की वाया जाते. म्हणून जनावरांचे डॉक्टर ती बोटीतल्या फ्रीजमध्ये ठेवतात आणि बोट वाडी-वाडीला फिरते. फ्रीज बॅटरीवर चालतो आणि बॅटरी छतावरच्या सोलर पॅनलवर.

आता मेचा शेवट आला होता. डॉक्टर येत्या रविवारी सकाळी लस घेऊन येणार होते. फ्रीज नसेल तर ती लस दुसऱ्या गावांना जाणार आणि या वाड्यांची पाळी पावसाळ्यानंतर येणार. मागच्या पावसाळ्यात लम्पीने मावशींची गाय गेली. गोठ्यात आता तिची कालवड आहे, तांबू. वाडीने वर्गणी काढली होती. फ्रीज निवडून आणून बसवायचं काम त्यांनी माझ्यावर टाकलं आणि मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी चिंचवडहून लोणावळा लोकल पकडली. तुम्ही फ्रीज घेऊन जाणार नाही हे गृहीत धरते, पण रस्ता तोच आहे. कामशेतला उतरायचं आणि तिथून पवनानगरची एसटी किंवा टेम्पो धरायचा. मोठं सामान असेल तर सामानाचं तिकीट काढा आणि सामानाच्या डब्यातच चढा. त्या वेळी पुण्यात दूध घालून रिकाम्या किटल्यांसह परतणारे गवळी डब्यात असतात. पेटीसारखा, वरून उघडणारा फ्रीज त्यांनीच आत ओढून घेतला.

"ताई, आइस्क्रीम हाय का ह्यात?" एकाने विचारलं.

"रिकामा आहे."

"मग बसू का वर?"

"नको."

"बघा, रिकामा बी हाय आन् बसू बी देत न्हाईत," तो शेजारच्याला म्हणाला. तरी कामशेत येईपर्यंत किटल्या फ्रीजवर सरकू नयेत म्हणून तो एक पाय आडवा लावून उभा होता. उतरवायलाही तिघे पुढे आले. त्यांची नावं विचारायचं मला सुचलं नाही.

कामशेतला टेम्पो ठरवला. चालक दत्ताभाऊ, बोलके गृहस्थ. फ्रीज उभाच न्यायचा हे मी त्यांना सांगितलं आणि वायर घ्यायला समोरच्या दुकानात गेले. बोटीतली वायर बारीक असणार असा माझा अंदाज होता, म्हणून जाड घेतली. परत आले तोवर मागे ताडपत्री बांधून झाली होती. मी पुढे केबिनमध्ये बसले. बेडसे लेण्यांच्या बाजूचा डोंगर, मग छोटा घाट आणि उतारावर एकदम दिसणारं धरणाचं पाणी. मे महिन्यात हे पाणी बरंच आत गेलेलं असतं आणि काठाला तांबड्या मातीची रुंद पट्टी उघडी पडते. हिरवंगार बघायची अपेक्षा ठेवून या दिवसांत जाऊ नका. करवंदं मात्र मिळतात, पळसाच्या पानात, वाटेवर बसलेल्या बायकांकडे.

पवनानगरला ताडपत्री सोडली तर फ्रीज आडवा होता.

"भाऊ, उभा ठेवायला सांगितलं होतं."

"अवो ताई, घाटात पडला असता की! मस्त झोपवलाय, खाली दोन गोण्या टाकल्यात. पोरासारखा आणलाय."

गोण्या खरंच टाकल्या होत्या, नव्या कोऱ्या. माणूस मनापासून काळजी घेत होता, त्यामुळे चढ्या आवाजात बोलणं जमलं नाही. फ्रीज आडवा राहिला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरतं. लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर कोरडा फिरून खराब होऊ शकतो. त्याला काही तास उभं राहू द्यावं लागतं. दुपारी फ्रीज सुरू करून उन्हाच्या जोरावर संध्याकाळपर्यंत गार करायचा, हा माझा बेत तिथे संपला. दत्ताभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. फ्रीज खांद्यावर घेऊन ते एकटेच बोटीपर्यंत उतरले, उभा धरून, आणि भाडं घ्यायला तयार होईनात. मी दिलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "मंजी आज ऱ्हातो का उद्या जातो, असं हाय का?"

"नाही. आज थांबायचं, एवढंच."

"आन् सकाळपतुर गार हुईल?"

"व्हायला हवा," मी म्हणाले. खात्री नसताना मी हो म्हणत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं असावं. त्यांनी इंजिन सुरू केलं.

पाण्यावरून जाताना डावीकडे तिकोना दिसतो, उजवीकडे लोहगड आणि समोर तुंगचा सुळका. बोटीचं भाडं आधी विचारून घ्या. मावशी सगळ्यांना एकच सांगतात. आदल्या दिवशी कळवलंत तर घरी जेवणही मिळतं. मला तांदळाची भाकरी, माशाचं कालवण आणि इंद्रायणीचा भात मिळाला. पवनानगरच्या कुठल्याही थाळीपेक्षा सरस.

दुपारभर नवा फ्रीज सावलीत उभा राहिला आणि मी जुना उतरवला. झाकणाचं रबर कडक होऊन फाटलं होतं, जाळीवर माशांची खवलं आणि धूळ थरांनी बसली होती. मागची बाजू फळीला चिकटून होती, त्यामुळे गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती. एवढ्यावरही तो इतकी वर्षं चालला. मी नव्यासाठी मागे हातभर जागा सोडली, जाड वायर टाकली, पाय बोटीच्या तळाला बोल्टने आवळले. ऊन कलल्यावर फ्रीज सुरू केला. आवाज हवा तसा होता, बारीक आणि एकसुरी.

तेवढ्यात वाडीतल्या बायका हळदीकुंकू घेऊन काठावर आल्या. पुढे मावशींच्या जाऊबाई, पारूवहिनी. त्यांच्या हातात नुकत्याच काढलेल्या दुधाची चरवी होती, अजून गरम.

"हे ठेव आत."

"वहिनी, आत्ता काही ठेवायचं नाही. आधी गार होऊ दे."

"नवी पेटी हाय. रिकामी ठिवत न्हाईत."

"गरम दूध ठेवलं तर सकाळपर्यंत आठच्या खाली जाणार नाही."

"आन् रिकामी ठिवली तर काय व्हतं ते तुला म्हाईत न्हाई."

मागच्या बायकांच्या हातांत दह्याची गाडगी होती, एकीजवळ कैऱ्या. प्रत्येक घरातून काहीतरी आलं होतं. मावशी माझ्याकडे बघत होत्या, जावेकडे नाही. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी माझं ऐकलं असतं आणि मग वर्षभर त्यांना वाडीचं ऐकावं लागलं असतं.

लशीच्या फ्रीजमध्ये तळाशी पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत आहे. एकदा गार झाल्या की त्या गारवा धरून ठेवतात. वीज गेली तरी आतलं तापमान लगेच चढत नाही. मी त्या उद्या लस आल्यावर, रिकाम्या जागेचा अंदाज घेऊन भरणार होते. आज भरल्या तर फ्रीजला गार व्हायला जास्त वेळ लागणार होता.

"पाणी चालेल का?" मी विचारलं. "विहिरीचं, गार. प्रत्येक घराची एक बाटली. ती कायम आत राहील."

"कायम?"

"कायम. प्यायची मात्र नाही."

"प्यायचं न्हाई आन् फ्रीजात ठिवायचं? शहराची तऱ्हा!" पारूवहिनी म्हणाल्या, पण वळल्या. पर्यटकांनी काठावर टाकलेल्या बाटल्यांना तिथे तोटा नाही. त्या घासून, विहिरीवर भरून आणल्या. आपली बाटली ओळखू यावी म्हणून कोणी गळ्याला लाल दोरा बांधला, कोणी झाकणावर कुंकू लावलं. "माजी वर ठिव," "तुजी का म्हून?" अशी भांडणंही झाली. शेवटी नारळ फुटला. झाकण बंद करताना मी आतल्या तापमानाचा आकडा पाहिला. तो अर्थातच वर गेला होता.

रात्री मला नीट झोप लागली नाही. उजाडताना बोटीवर गेले तर फ्रीज गप्प होता. बॅटरीही जुनीच होती, पहाटे कधीतरी उतरली होती. आत साडेनऊ अंश. डॉक्टर निघाले असल्याचा फोन मावशींना येऊन गेला होता.

"मावशी, ऊन हवं. पॅनल सावलीत आहे."

बोट बांधायची जागा डोंगराच्या सोंडेआड आहे, तिथे ऊन उशिरा पोचतं. पण धरणाच्या मधोमध पाणी चमकत होतं. मावशींनी दोर सोडला. पारूवहिनी आपली बाटली बघायला म्हणून आल्या होत्या, त्याही बोटीतच राहिल्या.

उन्हात पोचलो तरी सूर्य खाली होता आणि पॅनल छतावर सपाट. मी एका बाजूचे बोल्ट काढले. पॅनल तिरका धरला तर पुरेसा प्रकाश मिळणार होता, पण मला एका बाजूला बॅटरीचा मीटरही बघायचा होता.

"आन हिकडं," पारूवहिनी म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, फळीवर उभ्या राहिल्या आणि पॅनलची कड दोन्ही हातांनी उचलून धरली. "उन्हाला दावायचं ना? पापड वाळवायचं काम हे."

"अगं पडशील पाण्यात!" मावशी ओरडल्या.

"पडले तर भिजंन. तुजी तांबू न्हाई वाचायची माज्या कोरडं ऱ्हाण्यानं."

फ्रीज पुन्हा सुरू झाला. मावशींनी इंजिन चालू ठेवलं, त्यावरही बॅटरीला थोडा जोर मिळतो. आम्ही पाण्यात मोठमोठे वळसे घालत राहिलो. दर वळणाला वहिनी पॅनल उन्हाकडे फिरवत होत्या आणि मला आकडा विचारत होत्या. नऊ. साडेआठ. मग बराच वेळ साडेआठच. पवनानगरच्या काठावर डॉक्टरांची लशीची पांढरी पेटी दिसू लागली तेव्हा आकडा आठ होता.

"आठ म्हंजे चालतंय?" मावशींनी विचारलं.

"आठ म्हणजे काठावर. अजून खाली हवा."

त्यांनी बोट काठाला लावली नाही. डॉक्टरांना हात केला आणि आणखी एक मोठा वळसा घेतला. डॉक्टर किनाऱ्यावर कमरेवर हात ठेवून बघत राहिले. बोटीत चढल्यावर म्हणाले, "मावशी, मला टाळून कुठे निघाला होतात?"

"लय उकडत हुतं, फिरत हुतो," पारूवहिनींनी वरूनच उत्तर दिलं. पॅनल त्यांच्या हातातच होता.

डॉक्टरांनी स्वतःचा थर्मामीटर आत ठेवला. "मॅडम, तुमचा आकडा बरोबर असेल, पण मला माझ्या आकड्यावर सही करावी लागते." त्यांचं मला पटलं, मीही तेच केलं असतं. आम्ही थांबलो. त्यांनी थर्मामीटर काढला, उजेडात धरला. "सहा पॉइंट नऊ." मग पांढऱ्या पेटीतून लशीच्या कुप्या काढून ते एकेक करून आत, गार बाटल्यांच्या वर ठेवू लागले.

पहिली वाडी मावशींचीच होती. तांबूला टोचलं तेव्हा मावशींनी तिचं तोंड आपल्या पोटाशी धरलं होतं. मी थोडी लांब उभी होते. डोळ्यांत पाणी आलं होतं. ते कोणाला दिसलं नाही.

परतीला लोणावळ्याची वाट घेतली. तुंगच्या बाजूने वर आलेला रस्ता थेट लोणावळ्याला जातो, पण वाहनं कमी. मला दूध नेणाऱ्या पिकअपमध्ये जागा मिळाली. तुम्ही या बाजूने येणार असाल तर परतीची सोय आधी करा. लोणावळा स्टेशनाबाहेर मिसळ खाल्ली आणि संध्याकाळच्या लोकलने घरी.

घरी आल्यावर हिशेब मांडायचा म्हटलं तर मी एक फ्रीज बसवला, एवढंच. तो उचलणारे गवळी, चूक कळल्यावर तो खांद्यावर वाहणारे दत्ताभाऊ, दुधाची चरवी परत नेऊन बाटली भरून आणणाऱ्या पारूवहिनी यांच्यातलं एक जरी माणूस नसतं तर लस पुढच्या गावी गेली असती. मला आभार मानायला पटकन जमत नाही. इथे लिहून ठेवते आहे.

मंगळवारी मी चाचणीच्या खोलीत असताना मावशींचा फोन आला. बाहेर येऊन घेतला.

"मावशी, आकडा किती आहे?"

"आकडा काय इचारतीस! आदी जनावरं किती झाली ते इचार की!"

मी विचारलं.

"समदी," त्या म्हणाल्या. "एक बी ऱ्हायलं न्हाई." आणि मग त्या घरागणिक सांगू लागल्या. पारूची ढवळी, तिची पाडी, पाटलांची मारकुटी म्हैस, डोंगरात पळालेला आणि सगळ्या वाडीने शोधून आणलेला गोऱ्हा. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि शेवटच्या जनावराचं नाव येईपर्यंत ऐकत राहिले.