पय, भाऊ, पय!

जळगावात आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये होई. नशिराबादचे एक केळीवाले आबा नेहमी पहिल्या रांगेत असत. त्यांचं नाव मला कधी कळलंच नाही. परदेशी भाषा समजत नसली तरी पडद्यावरच्या माणसांना ते मोठ्याने सल्ले देत. मागचे लोक वैतागत, मला मात्र त्यांच्याच शेजारी बसायला आवडे.

त्या रविवारी जुना फ्रेंच सिनेमा होता. बापाने मनोरुग्णालयात डांबलेल्या तरुणाचा. आबा खुर्चीच्या कडेला सरकून बघत होते. तरुण पळून जायला निघाला, तसे ते ताडकन उभे राहिले.

"पय, भाऊ, पय!"

मग अख्खा हॉलच "पळ, पळ" ओरडायला लागला.

शेवटी तो पकडला गेला. दिवे लागले तेव्हा आबांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"माहा भाऊ बी अशाच दवाखान्यात हाये. डॉक्टर कवाचे म्हनतात, बरा झाला, घरी न्या. मीच भेलो, लोक काय म्हनतीन."

"मग आता, आबा?"

"आता काय! चाल स्टेशनवर."

आम्ही जवळजवळ धावतच निघालो. तिकीट खिडकीशी ते इतक्या जोरात बोलले की सगळी रांग वळून बघू लागली.

"जायाचं एक द्या, आन् येयाचे दोन!"