देवघरातले मासे

लातूरचा जिल्हा झाला तेव्हा आमच्या उदगिरात पेढे वाटले. पुढं पाऊस रुसला, तळं आटलं, नळाला हवा येऊ लागली. पण जिल्हा मात्र नवाकोरा! अशा गावात गुरुपादप्पा कापडवाल्याकडं समुद्रातल्या माशांचं पुस्तक होतं. आता बोला.

गुरुपादप्पा माझे शेजारी. पक्के लिंगायत, अंड्याचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणार. समुद्र जन्मात बघितलेला नाही. निजामाच्या काळात त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलेला कोर्टाचा एक मुन्सफ बदलीच्या गडबडीत हे पुस्तक विसरून गेला. विलायती, आज्याच्या आज्याच्या वेळचं, आणि चित्र न् चित्र हातानं रंगवलेलं. अक्षर एक वाचता येत नव्हतं, मग गुरुपादप्पांनीच नावं ठेवली. आठ हातांचा तो तलाठी, फुगून बसलेला तो चेअरमन. एक निळी, लांब शेपटीची मासोळी होती, तिचं नाव मात्र कितीही छेडलं तरी सांगत नसत.

त्यांची बायको दानम्मा लई कडक. मासे चितारलेले असले म्हणून काय झालं, मासेच ते! पुस्तकाला हात लावला की आंघोळ, त्याशिवाय लिंगपूजा नाही, पूजेशिवाय भाकर नाही. पाणी होतं तोवर गुरुपादप्पा रोज दोनदा आंघोळ करायचे आणि गावाला वाटायचं, काय सोवळा माणूस! टँकर सुरू झाला तसं पुस्तक माडीवर फडक्यात बांधून पडलं. दोन वर्षं बिचारा जिन्याकडं नुसता बघून राहिला. मला तर दानम्माचा संताप यायचा.

तेवढ्यात नव्या जिल्ह्याला आपलं वैभव दाखवायची हुक्की आली. प्रदर्शन भरणार होतं. लातूरचे एक साहेब दुकानात येऊन पुस्तक मागून गेले. प्यायला पाणी नाही तिथं समुद्र मांडणार, वा रे वैभव! गुरुपादप्पांनी जन्मात कुणाला नाही म्हटलेलं नाही, ते हाव म्हणाले. मागं अशाच एका प्रदर्शनाला त्यांच्या आज्याचा पितळी तराजू गेला होता, तो अजून परत येऊन राहिलाय. हे पुस्तकही गेलं की गेलंच, हे त्यांना ठाऊक होतं. दोन दिवस माणूस जेवला नाही. मी म्हणालो, सरळ नाही म्हणा की. तर ते माझ्यावरच चिडले.

ठरल्या दिवशी साहेबांना आणि शिपायाला घेऊन जीप आली. गुरुपादप्पा जड पायानं माडीवर गेले आणि रिकाम्या हातानं खाली आले. वर नुसतं फडकं होतं, पुस्तक नव्हतं. साहेबांचा पारा चढला. तशी दानम्मा पदर सावरत पुढं आली.

"पुस्तक देवघरात हाय, साहेब. आंघोळ करून या अन् खुशाल उचलून न्या."

साहेब शिपायाकडं बघू लागले, शिपाई जमिनीकडं. लातुरात तरी कोण रोज आंघोळ करत होतं? बिनआंघोळीचं लिंगायताच्या देवघरात शिरायची छाती साहेबांना झाली नाही. साहेबांनी आंघोळीला पाणी मागितलं. दानम्मानं त्यांना कोरडा रांजण दाखवला. जीप आली तशी गेली.

गुरुपादप्पा म्हणाले, "अगं, तू हात लावलास त्याला. आता आंघोळ?"

"पाणी कुठं हाय? देवाला काय दुष्काळ दिसत न्हाई व्हय?"

घ्या! दोन वर्षं नवऱ्याला तरसवलं, आणि देवाला डोळे आहेत हे बाईला आज कळलं. मी तोंड उघडणार होतो, पण तिनं पुस्तक बाहेर आणून ओट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच उघडलं. तलाठी बघून हसली, चेअरमन बघून जास्तच हसली. मग निळ्या मासोळीवर तिचं बोट थांबलं. ही कोण, म्हणून विचारलं.

गुरुपादप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी मुद्दाम रस्त्याकडं बघितलं.

"तू," ते म्हणाले.

दानम्मानं वाकून मासोळी शेपटीपर्यंत न्याहाळली.

"मला शेपूट हाय व्हय?" असं म्हणाली खरं, पण पान काही उलटलं नाही.