आईचं वाकडं नाक

आईचं नाक डावीकडे वळलेलं होतं. मी तिला जन्मापासून तशीच पाहिलेली, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे हे मला शाळेत जाईपर्यंत कळलंच नव्हतं. कळल्यावर मी बाबांना विचारलं आणि बाबांनी गोष्ट सांगितली. आई नवी नवरी होऊन फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आली, मागच्या अंगणात नळापाशी शेवाळ होतं, तिचा पाय सटकला आणि ती तोंडावर आपटली.

पुढे ही गोष्ट मी कितीदा तरी ऐकली. पाहुणे आले की बाबा हातातली कपबशी खाली ठेवून उठायचे आणि घसरण्याची नक्कल करायचे. "नळ जागच्या जागी राहिला, नाक फिरलं!" सगळे हसायचे. मीही हसायचे. आईसुद्धा हसायची आणि रिकामे कप उचलून आत जायची.

बाबा गेले तेव्हा आम्ही महाराजपूरच्या घरात राहत होतो. मी त्यांची एकुलती एक, इथेच, या हिंदी बोलणाऱ्या गावात, शाळेत शिकवते. ते गेल्यावर आईचा त्रास माझ्या ध्यानात आला. डावी नाकपुडी जवळजवळ बंद. तोंड उघडं ठेवून झोपायची, सकाळी जीभ कोरडी पडलेली, कपाळ ठणकत असायचं. "वय झालं आता, चालायचंच," म्हणायची. मीच हट्ट करून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई वयानं माझ्यापेक्षा लहान, बोलणं शांत. त्यांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं, सीटी स्कॅन करायला लावला आणि पडद्यावर तो आम्हाला दाखवला. "किसी की भी नाक पूरी सीधी नहीं होती," त्या म्हणाल्या. काहींचं जन्मतःच वाकडं असतं, काहींचं मार लागून होतं, वय वाढलं की आतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, सैल पडते आणि वाकडेपणा जास्त दिसतो. आईच्या नाकातला मधला पडदा एका बाजूला दुमडला होता आणि वरचं हाड चुकीचं जुळलं होतं. "चोट कैसे लगी थी?"

आईच्या आधी मीच बोलले. नळ, शेवाळ, सगळं सांगितलं. सवयीनं थोडं हसलेही.

बाई स्कॅनकडे पाहत राहिल्या. "एक बार की चोट नहीं लगती मुझे."

आई मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून बसली होती. "गिरी नहीं थी बेटा," ती म्हणाली. "मारा था. इसके पापा ने. दो बार."

आमच्या घरात सगळं मराठीत व्हायचं, रुसवे, शिव्या, लाड. हे एवढं मात्र आईनं हिंदीत सांगितलं, माझ्याकडे न बघता. बाईंनी काही लिहिलं नाही. पाण्याचा ग्लास आईपुढे सरकवला.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले. "दुसऱ्यांदा केव्हा?"

"जाऊ दे नं."

"आई, केव्हा?"

"तू पहिलीत होती. तुला पनागरला घेऊन गेले होते नं, त्याच सकाळी, तू शाळेत गेल्यावर."

पनागर. बाबांच्या मित्राचं शेत होतं तिथे. एका सकाळी बाबांनी मला शाळेतून मधेच घेतलं, स्कूटरवर पुढे उभं केलं आणि थेट शेतावर नेलं. मटार तोडणीला आला होता. बांधावर बसून ते शेंगा सोलायचे आणि दाणे माझ्या ओंजळीत टाकायचे. आम्ही तिथे राहिलो, विहिरीवर आंघोळ केली, मला परत यायचंच नव्हतं. आलो तेव्हा आईच्या नाकावर फडक्याची पट्टी होती. कपाटाचं दार लागलं म्हणाली होती. बाबांच्या तेराव्याला सगळे त्यांच्याविषयी बोलत होते, तेव्हा मी हेच सांगितलं होतं, माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस म्हणून. आई समोर भिंतीला टेकून बसली होती. मी सांगत असताना तिनं होकारार्थी मान हलवली होती.

"काहून मारलं?"

"पहिल्यांदा माहेरी जातो म्हटलं म्हणून. दुसऱ्यांदाचं नाही आठवत."

"असं कसं नाही आठवत?"

"नाही आठवत बाप्पा. दुखलं तेवढंच आठवते." मग म्हणाली, "नंतर कधीच हात नाही उचलला त्यांनी. घाबरले होते."

"घाबरले तर डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"तिथं साऱ्यांनी विचारलं असतं नं."

ऑपरेशन झालं. पडदा सरळ केला, हाड पुन्हा सुटं करून बसवलं. नाकावर कडक पट्टी होती तोवर आई डोक्याखाली उशा रचून पडायची. डोळ्यांखाली निळं झालं होतं. मी तिला चमच्यानं पेज भरवायचे आणि तो निळा रंग पाहिला की माझा हात थांबायचा. ती ओळखायची. "अच्छा, दे इकडे, मी खाऊन राहिली," म्हणून वाटी घ्यायची.

पट्टी निघाली तेव्हा बाईंनी आरसा दिला. सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागेल, नाक अगदी सरळ होणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आईनं आरशात बराच वेळ पाहिलं. नाकावरून बोट फिरवलं.

"आमच्या आईसारखं दिसून राहिलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिचं डोकं छातीशी धरलं, नाकाला धक्का लागू नये म्हणून जपून.

रिक्षात ती शांत झाली. अधारतालच्या पुढे एका टपरीवर भजी तळत होते.

"वास येऊन राहिला," ती म्हणाली. तोंड मिटून तिनं लांब श्वास घेतला, मग आणखी एक. मग माझा हात हातात घेतला. "तुझ्याशी चांगले होते ते. खरंच होते. ते तू तुझ्याजवळ ठेव."

मी हो म्हटलं. पण मला ते जमत नाही. बाबांची आठवण तर येते, अजूनही त्यांच्या खोकल्याचा भास होतो आणि मी वळून पाहते. मग मला माझाच राग येतो, आणि मी रडते ते कुणासाठी, हे सांगता येत नाही. त्या दिवशी मी रिक्षाच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर बघत राहिले, आईला माझा चेहरा दिसू नये म्हणून.