अर्डिथची पीटी

अर्डिथ कोवाच सव्वीस वर्षं आमच्या गावातल्या इस्पितळाच्या तळघरात बसली. वर डॉक्टरांनी जे केलं ते खाली तिच्या पडद्यावर यायचं आणि ती त्याचे कोड करायची. पाच आकड्यांत काय केलं ते, आणि शेपटाला दोन अक्षरं किंवा दोन आकडे, म्हणजे मॉडिफायर: कुठल्या बाजूला केलं, कशासाठी केलं. लोक बिलावरून डॉक्टरला शिव्या घालतात. अरे, डॉक्टरला काय कळतंय बिलातलं! सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटचं बिल अर्डिथच्या शेपटावर चालतं.

शुक्रवारी ती चर्चच्या हॉलमध्ये विक्रीच्या पिरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडीच्या करंज्या, वळायला यायची. त्याच हॉलच्या कोपऱ्यात मी लोकांना त्यांची इस्पितळाची बिलं वाचून समजवायला टेबल टाकते. मला कोड वाचायला तिनेच शिकवलं, पीठ मळता मळता.

मार्चमध्ये मर्ल स्टानेक माझ्यासमोर येऊन बसला. छपरं घालणारा माणूस, वय चौसष्ट. जानेवारीत त्याच्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. काही होत नसताना केलेली ही तपासणी विमा कंपनीने फुकट द्यायची असते. आत एक गाठ सापडली आणि तिथल्या तिथे काढली. बिल आलं चोवीसशे डॉलरचं.

"जुलैत गाठीची जागा बघायला परत बोलावलंय," मर्ल म्हणाला. "मी नाही जाणार, जोनी. एका गाठीला चोवीसशे. पुढच्या खेपेला दोन निघाल्या तर काय, ट्रक विकू?"

मी तो कागद अर्डिथच्या नाकासमोर धरला. तिचे हात पिठाने भरलेले होते.

"शेपटाला पीटी लावलंय," ती म्हणाली. "ते पासष्टच्या पुढच्यांचं, सरकारी विम्याचं. याचा विमा खाजगी, याला तेहतीस हवं. दोन्हीचा अर्थ एकच, तपासणीला आला होता आणि गाठ निघाली. पण खाजगी कंपनीला पीटी कळत नाही. तिने याला आजारी धरलं."

"कुठल्या गाढवाने लावलं?"

"मी."

हॉलमध्ये लाटणी चालू होती.

"जन्मसालावरून पासष्टचा धरला आणि हात आपोआप गेला," ती म्हणाली. "दिवसाला ऐंशी फायली असतात गं."

"मग दुरुस्त करून पाठव की!"

"पाठवलं की चूक माझ्या नावावर चढते. दर तिमाहीला शंभर फायली तपासतात, त्यात पाच चुका माफ असतात. या तिमाहीत माझ्या पाच झाल्यात, सहावीला नोकरी जाते."

माझं डोकं फिरलं. "तो बिलाच्या भीतीने तपासणी सोडतोय आणि तू चुका मोजतेस? लाज नाही वाटत?" चार बायका माना वळवून बघायला लागल्या. अर्डिथने हातातल्या पिरोगीची कड दोनदा दाबली.

सोमवारी तिने तेहतीस लावून क्लेम परत पाठवला. एप्रिलअखेरीस इस्पितळाने तिला घरी बसवलं. मे महिन्यात मर्लचं बिल शून्य झालं.

मी कागद घेऊन पळतच त्याच्याकडे गेले. तो शिडीवर होता. "बघ, शून्य! आता जुलैत जा."

"जुलै म्हणजे छपरांचा हंगाम," तो वरूनच म्हणाला. "आणि ती तारीख मी मार्चमध्येच रद्द केली. मला पुन्हा फसायचं नाही." बिल शून्य झालं, त्याची धास्ती काही शून्य झाली नाही. मी खालून ओरडत राहिले, तो खिळे ठोकत राहिला.

तो इस्पितळात गेला थेट नोव्हेंबरमध्ये, शौचातून रक्त पडायला लागल्यावर. तोवर पासष्टचा झाला होता.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी त्याच्या बायकोने नवं बिल माझ्या टेबलावर ठेवलं. मी कागद उचलून अर्डिथकडे नेला. आता ती रोजच हॉलमध्ये असते, दुसरं कुठे जाणार? तिने हात पुसले, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"पीटी नाही लावलं," मी म्हणाले. चूक सापडावी म्हणून माझा जीव तुटत होता. "आता तर तो सरकारी विम्यावर आहे. तुझं पीटी आता चालेल ना?"

"ते तपासणीला आलेल्यांसाठी असतं, जोनी. हा आता आजारी म्हणून गेला." तिने कागद माझ्या हातात परत दिला. "कोड सगळे बरोबर आहेत."

मर्लची बायको टेबलापाशी बसूनच होती. मी कागदाची घडी घालत राहिले. अर्डिथच पुढे झाली आणि तिच्यासमोर माझ्या खुर्चीत जाऊन बसली.